तिसरी खुर्ची

२ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार पहिल्याच ओळीत करून टाकते. शेवटी ठेवला की राहून जातो आणि मग तू आईला कळवतेस की पोरीला वळण म्हणून नाही. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, म्हणून हे पत्र.

तर, नोकरी लागली. मनोरुग्णालयात. तू नर्स म्हणून चौतीस वर्षं इस्पितळात काढलीस, तसल्याच ठिकाणी शेवटी तुझी भाची पोचली. माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर दोन ओळींत बसवलंय: सांस्कृतिक सुरक्षा सहाय्यक. गेटवरच्या गार्डनं ते मन लावून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्यातलेच का तुम्ही?" काम असं की डोंगरातून जे आदिवासी रुग्ण इथे येतात, त्यांना आपल्या तपासण्या, आपले प्रश्न, आपल्या खोल्या यांची धास्ती वाटू नये, त्यांच्या रीतीभाती आपल्याकडून तुडवल्या जाऊ नयेत, हे बघायचं. सहा महिने परीक्षेचे. मग कायम करतील किंवा नारळ देतील.

मला पहिल्याच आठवड्यात एक बाई मिळाल्यात. पन्नाशीच्या असतील. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा खाणीत दगडाखाली सापडला आणि याच आवारातल्या पलीकडच्या इमारतीत, साध्या रुग्णालयात, दगावला. नातेवाईक त्याला घेऊन गेले, पण बाई गेल्या नाहीत. त्या इमारतीच्या मागच्या दाराशी तीन दिवस बसून राहिल्या. गार्डनं उठवायचा प्रयत्न केला तर त्याच्या हाताला चावल्या. मग त्यांना आमच्याकडे आणलं. तेव्हापासून वॉर्डच्या खिडकीशी बसून असतात, एक अक्षर बोलत नाहीत. वॉर्डात त्यांना 'मुकी' म्हणतात. मी तसं म्हणू देत नाही, त्यामुळे हेडसिस्टरचा माझ्यावर आधीच राग आहे.

सहा मार्चला बैठक आहे. मोठे डॉक्टर आणि आणखी दोघं ठरवतील की बाईंना घरी सोडायचं, की सहा तासांवरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. तिथे गेलेलं माणूस वर्ष वर्ष परत येत नाही म्हणतात, आणि बाईंची भाषा समजणारं तिथे चिटपाखरू नाही. तोवर त्या बोलल्या पाहिजेत. एवढंच माझं ध्येय.

आणि आता माझी शेखी ऐक. मी दुभाषा मिळवला! रेकॉर्ड विभागात एक तरुण माणूस आहे, बाईंच्याच डोंगराकडचा, दोन्ही भाषा येणारा, यादीत रीतसर नाव असलेला. त्यानं आढेवेढे घेतले, दुसरं कोणी बघा म्हणाला. मी म्हटलं, "अहो, तुमचीच माणसं ना? तुम्ही नाही तर कोण?" हेडक्लार्कनंही दम दिला की यादीत नाव आहे म्हणजे नाही म्हणता येणार नाही. तेव्हा खाली बघत बरं म्हणाला. फॉर्मवर एक रकाना आहे, 'दुभाषा रुग्णाच्या समाजातील आहे का?' त्यात मी 'हो' लिहिलं, तेव्हा आत्तापर्यंतच्या सगळ्या परीक्षांतले मार्क एकदम मिळाल्यासारखं वाटलं.

दहा तारखेपासून बसतोय. बोलण्याच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि एक चाकांचं टेबल, ज्याचं एक चाक कायम रुसलेलं असतं.

तुझी,
भिंगरी


७ फेब्रुवारी

भिंगरे,

नमस्कार पोचला. आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात मोजून द्यायचे?

तुझ्या पदाचं नाव मी शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत मावेल का?" मी म्हटलं, पत्रिका मोठी छापू.

दुभाषा मिळवलास हे झकास केलंस. आमच्या वेळी दुभाषा म्हणजे जो कोणी बाहेर उभा असेल तो. निम्मी लढाई तिथेच जिंकलीस. आता उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय आहे, म्हणून चार गोष्टी सांगते. रोज ठरल्या वेळीच बस, दुखऱ्या मनाला घड्याळाचा आधार होतो. टेबल मधून काढून टाक. खुर्च्या जवळ घे. ती तोंड फिरवेल, तरी नेट सोडू नकोस. आपलं माणूस समोर बसलं की आज ना उद्या तोंड उघडतंच.

जेवते का ती? ते तू लिहिलं नाहीस. पत्रात तुझ्या शेखीला तीन ओळी आणि तिच्या ताटाला एकही नाही. पुढच्या वेळी ताटाचं आधी लिही.

तुझ्या आईला सांगितलं की तू खूश आहेस. तिचा विश्वास बसला नाही, कारण तू तिला फोन केला नाहीस. कर.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

ताटाचं आधी लिहिते. जेवत होत्या, आता जेवत नाहीत.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. रोज अकरा वाजता. टेबल ढकलून भिंतीला लावलं. खुर्च्या इतक्या जवळ घेतल्या की गुडघ्याला गुडघा लागेल. पहिल्या दिवशी बाई दारातून आत आल्या, तो आधीच बसला होता, आणि त्या जागच्या जागी थिजल्या. हेडसिस्टरनं दंडाला धरून बसवलं. बाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीकडे वळल्या. तासभर तशाच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आत यायलाच तयार नव्हत्या, तर दोघींनी उचलून आणल्या. मी दाराशी उभी राहून म्हणत होते, "घाबरू नका, तुमचंच माणूस आहे." आता आठवलं की कसंतरी होतं, पण तेव्हा मला ते धीर देणं वाटत होतं.

आता त्या खिडकीशीही बसत नाहीत. कॉटवर पडून असतात, अंगाचं मुटकुळं करून. मोठ्या डॉक्टरांनी फायलीत लिहिलं, 'स्वतःच्या भाषेतील व्यक्तीलाही प्रतिसाद नाही. प्रकृती खालावते आहे.' औषध वाढवलं. त्या औषधानं बाईंचे हात थरथरतात. कालच्या राउंडला ते मला म्हणाले, "तुम्ही प्रयत्न केलेत. बहुतेक मोठ्या इस्पितळातच पाठवावं लागेल." ते वाईट नाहीत गं. तेही खरंच थकलेले दिसत होते.

आणि माझा तो दुभाषा! ठोंब्या आहे नुसता. मी प्रश्न विचारते, तो जमिनीकडे बघत पुटपुटतो, तेही बाईंच्या दिशेनं नाही, दाराच्या दिशेनं. एकदाही मान वर करत नाही. घामानं शर्ट ओला होतो. संपलं की मी दार उघडायच्या आत पळतो. काल मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि फाडफाड बोलले. म्हटलं, तुमच्याच माणसाची एवढी दया नाही तुम्हाला? उद्या तिला लांब पाठवतील, ती तिथेच मरेल, तेव्हा काय सांगाल गावाला? डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला वाटलं, भेकड आहे.

आज मी त्याची लेखी तक्रार करणार होते. पण आधी तुला लिहावंसं वाटलं. मला इथे एकही गोष्ट धड जमत नाहीये. अठरा दिवस राहिलेत.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

तक्रार फाडून टाक. केली असलीस तर मागे घे. बहुतेक तू चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवते आहेस.

उद्यापासून ते अकराचं बसणं बंद. मी सांगितलं होतं, मीच बंद करायला सांगते. खुर्च्या जवळ घ्यायला सांगणारी मीच शहाणी.

एकच काम कर. तो माणूस तिचा कोण लागतो, हे शोध. त्याला विचारू नकोस. तिलाही विचारू नकोस. तिसऱ्या कुणाला विचार, शक्यतो बाईमाणसाला. वॉर्डात डॉक्टर, सिस्टर सोडून आणखी कोणकोण असतं ते बघ. तू त्यांच्याकडे अजून बघितलेलं नसणार.

मला कसं सुचलं ते आत्ता विचारू नकोस.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

तू जादूगार आहेस की चेटकीण?

तुझं पत्र आलं तेव्हा मी वॉर्डात होते. वाचून मान वर केली आणि समोर आक्का दिसली. आक्का म्हणजे आमच्या वॉर्डची सफाई करते ती. अठरा वर्षं इथे आहे. मी रोज तिला "आक्का, जरा पाय पुसायचं बघा" एवढंच म्हणत आले. ती त्याच लोकांतली आहे, मावशी! दुसऱ्या डोंगरावरची, पण भाषा तीच. आणि कहर म्हणजे बाई तिच्याशी बोलतात. रोज. न्हाणीघरात. पाणी गार आहे, साबण डोळ्यांत जातो, असलं. आमची 'मुकी' रोज सकाळी बोलते आणि फायलीत आम्ही लिहितो, वाचा नाही.

मी विचारलं, "आक्का, तो रेकॉर्डमधला माणूस बाईंचा कोण?" तिनं फडका पिळला, बादलीच्या कडेवर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लहान होऊन जमिनीत जावं.

"जावई," म्हणाली.

बाईंच्या बहिणीच्या मुलीचा नवरा. त्यांच्यात बहिणीची मुलगी म्हणजे आपलीच मुलगी, फरक नाही, त्यामुळे तोही सख्खा जावईच. आणि त्यांच्यात सासू-जावई एकमेकांच्या समोर येत नाहीत. बोलत नाहीत, बघत नाहीत, एका छपराखाली बसत नाहीत. जन्मभर. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. वाटेत समोरासमोर आलेच तर एकानं झाडीत शिरायचं. आणि सासूविषयी परक्यांपाशी बोलायचंही नाही, म्हणून त्या बिचाऱ्याला मला कारणसुद्धा सांगता येईना. यादीत नाव, डोक्यावर हेडक्लार्क, पुढ्यात मी. कुठल्या झाडीत शिरणार होता तो?

आणि आम्ही बाईंना उचलून आणून, गुडघ्याला गुडघा लावून, त्याच्यासमोर बसवलं. पोरगा जाऊन महिना झालेला नसताना. वर मी दारातून सांगत होते, घाबरू नका, तुमचंच माणूस आहे.

"आक्का, तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलेच जवळजवळ.

ती म्हणाली, "झाडणारीनं फायलीत तोंड घालायचं नसतं, ताई. आणि मला विचारलं कोणी?"

मी संडासात जाऊन रडले. मग त्या रेकॉर्डमधल्या दादाकडे गेले. नुसतं म्हटलं, "मला माहीत नव्हतं." तो म्हणाला, "तुमच्याकडे नसेल तसं." इतकं सरळ म्हणाला की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याची बायको रोज विचारते म्हणे, माझी मावशी कशी आहे, आणि तो सांगतो, मी बघितलं नाही. खरंच बघितलं नव्हतं त्यानं.

आता काय करू? बैठक दहा दिवसांवर. आक्काला दुभाषी म्हणून घ्यायचं तर ती दहावी पास नाही, यादीत बसत नाही. आणि फायलीत तर लिहून ठेवलंय की आपल्या माणसालाही प्रतिसाद नाही. त्या एका ओळीवर बाई जाणार. ती ओळ खोटी आहे हे सांगायचं म्हणजे ती माझ्यामुळे लिहिली गेली हे सांगायचं. हेडसिस्टर म्हणते, गप्प राहा, परीक्षेचे महिने आहेत, 'दुभाषा अनुपलब्ध' एवढंच लिहा.

आणि खरं सांग, तुला कसं कळलं?

भिंगरी


२८ फेब्रुवारी

माझ्या बाळा,

तू विचारलंस, म्हणून सांगते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

तुझी आजी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगचं दुसरं वर्ष. घरात सगळे म्हणतात, पोटात दुखायचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत अचानक गेली. अचानक नाही गेली. ती माझ्याच इस्पितळात होती. भेटायच्या वेळेशिवाय कोणाला आत सोडत नसत, पण मी तिथली विद्यार्थिनी, माझा तोरा होता. आईला एकटं वाटू नये म्हणून मी मोठ्या सिस्टरांच्या हातापाया पडून थोरल्या काकांना तिच्या कॉटशेजारी स्टूल टाकून बसवलं. दिवसभर. घरातलं कर्तं माणूस, आईला केवढा धीर येईल! मला इतका अभिमान वाटला होता स्वतःचा की काय सांगू.

थोरले काका म्हणजे तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर आई लग्न होऊन आल्यापासून कधी मोठ्यानं बोलली नव्हती. डॉक्टर राउंडला येत, "कसं वाटतंय?" विचारत. काकाच सांगत, "बरं आहे आज." आई मान हलवी. तिला अंगावरून रक्त जात होतं, भिंगरे. खूप. दिरांसमोर कसं सांगेल? तिनं चादर घडी घालून घालून अंगाखाली दाबून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती गेल्यावर आयानं बिछाना काढला आणि मला बोलावून दाखवला. डॉक्टरांच्या कागदावर होतं, 'तक्रार नाही.'

मी तो कागद तसाच राहू दिला. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उलट सगळे म्हणाले, पोरीनं शेवटपर्यंत आईजवळ घरचं माणूस ठेवलं, गुणाची पोर. गुणाची! ते वाक्य मी चाळीस वर्षांहून जास्त ऐकतेय.

माझ्या पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, आपलं माणूस समोर बसलं की तोंड उघडतं म्हणून? लिहिताना हात अडला होता. तरी लिहिलं. नर्सिंगच्या पोरींना मी तेच शिकवत आले, कारण दुसरं शिकवायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मग तुझं पत्र आलं. तिनं पांघरूण ओढलं, तो घामानं भिजला, तरी जागचा हलला नाही. मला ते स्टूल दिसलं.

तू म्हणालीस जादूगार. नाही गं. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच. आणि हेच तुझ्या लांबलचक पदाचं काम आहे बहुतेक. सुरक्षित वाटतंय की नाही, हे खुर्ची मांडणारानं ठरवायचं नसतं. खुर्चीवर जो बसणार त्याला विचारायचं. मी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. पण तुझी बाई जिवंत आहे.

तेव्हा बैठकीत उभी राहा आणि सांग की चूक माझी. 'दुभाषा अनुपलब्ध' लिहू नकोस. 'अनुपलब्ध' म्हणजे माझं 'तक्रार नाही'च झालं. नोकरी गेली तर इकडे ये, मला दोन वेळचा स्वयंपाक जड जात नाही.

तुझ्या आईला मीच लिहिते आहे, याच टपालानं. तू तिला काही बोलू नकोस.

मावशी


१२ मार्च

मावशी,

आधी आईचं. तिचा फोन आला. पहिली पाच मिनिटं नुसती रडत होती. मग म्हणाली, "तिला सांग, एवढं ओझं एकटीनं कशाला वाहिलंस म्हणावं. मी धाकटी होते, मेलेली नव्हते." मी म्हटलं, आई, तूच सांग की. तर म्हणाली, "मला नाही जमायचं. तू सांग." म्हणून मी सांगितलं. आता तुमचं तुम्ही बघा. तिनं परवाचं तिकीट काढलंय, हेही तुला सांगू नको म्हणाली होती.

आता बाईंचं. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मी आक्काला म्हटलं, आक्का, तुम्हीच सांगा, कुठे बसायचं, कसं बोलायचं? ती म्हणाली, "बसायचं कशाला? मी काम करते, ती बोलेल." मग ती व्हरांडा पुसत राहिली, बाई पायरीवर बसल्या, मी दाराआड. ना खुर्ची, ना टेबल. अर्धा व्हरांडा पुसून झाला. मग बाईंनी पहिलं काय विचारलं असेल? (आक्कानं मला नंतर सांगितलं.) "त्या पोराला सोडलं का?" त्यांना वाटत होतं, आम्ही त्यालाही डांबून ठेवतो. म्हणाल्या, "त्या खोलीत माझा मान राखणारा तो एकटाच होता." आणि मी त्याला ठोंब्या म्हटलं होतं.

मग हळूहळू बाकीचं आलं. त्यांच्यात माणूस ज्या जागी जातं तिथे घरातल्या कोणीतरी पाच दिवस बसायचं असतं. गेलेल्याला परक्या जागी एकटं वाटू नये म्हणून. पाच दिवस झाले की त्याला म्हणायचं, चल, आणि घरी जायचं. बाईंचे तीन झाले होते. दोन राहिले. आमची खिडकी त्या मागच्या दाराच्या बरोबर समोर आहे. त्या खिडकीतून बसून भागतंय का बघत होत्या. भागत नव्हतं.

आम्ही त्या बसण्याला काय काय नावं दिली होती, फाईल वाचून दाखवली असती तर तुलाही लाज वाटली असती.

बैठकीत मी उभी राहिले. सगळं सांगितलं. तो कोण लागतो, मी विचारलं नाही, खुर्च्या मी जवळ घेतल्या, 'हो' मी लिहिलं. त्या दादाचं काही चुकलं नाही. हेडसिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली. मोठ्या डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली, ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे मी तीन आठवडे अपमानावर गोळ्या देत होतो." मग त्यांनी आक्काला आत बोलावलं. अठरा वर्षांत ती त्या खोलीत पुसायला सोडून कधी आली नव्हती. तिला काय हवं ते विचारलं. ती म्हणाली, "बाईला दोन दिवस बसू द्या." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक डॉक्टर म्हणाले, धोका आहे. मोठे म्हणाले, "आत्तापर्यंत जे केलं त्यापेक्षा?"

बाई दोन दिवस बसल्या. मागच्या दाराशी, सिमेंटच्या पायरीवर. आक्का आणि मी आळीपाळीनं जवळपास होतो. पहिल्या दुपारी तोच गार्ड आला, ज्याला बाई चावल्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्यानं एक छत्री आणली होती, उन्हासाठी. उघडून बाईंच्या शेजारी ठेवली आणि मला हातावरचा वण दाखवत म्हणाला, "दात चांगले आहेत हां त्यांचे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई उठल्या, पायरीवर हात टेकवला, काहीतरी म्हणाल्या. काय ते मी आक्काला विचारलं नाही. वॉर्डात येऊन पोटभर जेवल्या. ताटाचं लिहायचं म्हणालीस ना? भात दोनदा घेतला.

माझी परीक्षा आणखी तीन महिने वाढवलीय. मेमो मिळाला. तो मी बॅगेत ठेवलाय. आक्काचं नाव यादीत 'विशेष बाब' म्हणून घातलं. हेडक्लार्क अजून धुसफुसतोय. ती मात्र तशीच फडका पिळते.

काल बाई घरी गेल्या. स्टँडवर सोडायला आक्का आणि मी. गाठोडं उचलायला आम्ही वाकलो, तर गाठोडं जागेवर नाही. वीस पावलांवर तो दादा ते खांद्यावर घेऊन आमच्याकडे पाठ करून चालला होता. बसमध्ये जागा धरली, गाठोडं ठेवलं, खाली उतरला आणि पाठमोराच उभा राहिला. बाई दारापाशी आल्या, त्याच्याकडे न बघता आक्काला काहीतरी म्हणाल्या. आक्का मला म्हणाली, "त्याला सांगा, वाळलाय." तो चार हातांवर होता. त्याच्या भाषेत एकदा आणि आपल्या भाषेत एकदा ऐकून झालं होतं त्याचं. तरी मी सांगेपर्यंत थांबला. मी सांगितलं, "वाळलात म्हणतात."

"सांगा, जेवतो मी."

मी आक्काला, आक्कानं बाईंना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मग बाई बरंच बोलल्या. आक्का थांबत थांबत म्हणाली, "सांगा, पोरीला घेऊन घरी ये. पोरगं गेलं, घर मोकळं झालंय. कुंपणाशी आलास की खोक. मी मागच्या दारानं निघून जाईन, तुम्ही बसा, जेवा. पण ये."

मावशी, 'घर मोकळं झालंय' मला दोनदा म्हणावं लागलं. तो ताठ उभा होता, पाठमोरा. बाहीनं तोंड पुसलं.

"सांगा, येतो," म्हणाला. "आणि सांगा, मोठ्यानं खोकेन."

आणि तिथेच एकदा खोकून दाखवलं, इतक्या जोरात की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. ते काही मला सांगावं लागलं नाही. बाई हसल्या आणि बसमध्ये चढल्या.

भिंगरी